मी पूर्णवेळच शिकत होते

४ जून, मंगळवार

नामंजूर!

मी भांडी घासत होते, म्हणून ईमेल माझ्या खोलीत राहणाऱ्या चिमणीने वाचून दाखवली. नावाला चिमणी, आवाज भोंग्याचा — अख्ख्या मजल्याला कळलं असेल. शिक्षण संपलं की या देशात काम करायचा परवाना मिळतो, पण प्रत्येक सत्रात पूर्णवेळ शिकलेलं असलं पाहिजे. आणि ‘अर्जदार तिसऱ्या सत्रात पूर्णवेळ विद्यार्थिनी नव्हती.’

नव्हती?! त्या सत्रात सर नोकरी सोडून गेले आणि कॉलेजने विषयच रद्द केला, म्हणून तास कमी भरले. आम्ही तेव्हाच विचारलं होतं, पुढे काही अडणार नाही ना? कॉलेजच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, ‘छे! निर्धास्त राहा.’ राहिलो निर्धास्त. चोर सोडून संन्याशाला फाशी!

चिमणी भांडं पुसता पुसता थांबली. ‘अगं, मी पण त्याच वर्गात होते.’ तिचा निकाल माझ्यामागून लागला, अर्ज अजून जायचाय. आमच्या वर्गातल्या मास्तरांचाही.

५ जून, बुधवार

अर्जाचं उत्तर येईपर्यंत काम करायची मुभा होती; नामंजूर म्हणजे काम बंद. वर्कशॉपमध्ये सांगावंच लागलं. टेबलावर ड्रायव्हर आजोबांच्या कृत्रिम पायाचा साचा अर्धा घासून पडलेला. गुडघ्याखाली त्यांना कुठे टोचतं ते माझ्या बोटांना पाठ आहे. आता दुसरं कुणीतरी करणार.

मालकांनी दार लोटून घेतलं. ‘मागच्या खोलीत बसून कर. रोख देतो. कुणाला कळतंय?’

‘मला कळतंय ना.’

‘एवढा ताठा बरा नाही. अडला हरी काय करतो, माहीत आहे ना?’

‘माहीत आहे. पण मग गाढव कोण, साहेब?’ — तोंडातून निघून गेलं! हसले नाहीत.

एप्रन घडी करून ठेवला आणि पुढच्या दाराने बाहेर पडले.

७ जून, शुक्रवार

कॉलेजात गेले. त्याच बाई. त्यांना काहीच आठवत नाही! ‘नियम वाचणं तुमची जबाबदारी.’

‘आणि विषय रद्द केला तो मी का?’

‘आवाज कमी करा.’

केला नाही.

मला फक्त एक वाक्य लेखी हवंय — विषय कॉलेजने रद्द केला, विद्यार्थ्यांनी सोडला नाही. ते जोडून फेरविचार मागता येतो. माझी मुदत २१ तारखेपर्यंत. पण ते वाक्य लिहिलं की चूक आपली हे कबूल केल्यासारखं होतं. घोडं तिथेच अडलंय.

८ जून, शनिवार

आईचा फोन. ‘शिक्षण झालं ना? मग ये आता. कशाला परक्यांच्या दारात भांडत बसतेस?’

‘शिक्षण झालं म्हणून तर भांडतेय!’

बाबांनी फोन घेतला, ‘जेवलीस का’ विचारलं आणि परत आईला दिला.

१० जून, सोमवार

मास्तरांकडे जाऊन आले. तिकडे शाळेत शिकवत होते, सगळं सोडून बायको-मुलीला घेऊन आले, पस्तिशीत आमच्याबरोबर बाकावर बसले. मुलीला इथली भाषा आता आमच्यापेक्षा चांगली येते. जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती.

‘तू सांभाळून घे,’ वहिनी दारापर्यंत येऊन हळूच म्हणाल्या. ‘हे बोलायला घाबरतात.’

मी काय सांभाळणार! पण ‘हो’ म्हणून आले.

१२ जून, बुधवार

कॉलेज. बाकडं. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत.’

१३ जून, गुरुवार

तेच बाकडं. तीच मीटिंग. लग्नसुद्धा एवढं चालत नाही!

१९ जून, बुधवार

आज प्राचार्यांनी स्वतः आत बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. तेव्हाच कळलं की काहीतरी शिजतंय.

पत्र तयार होतं! सही, शिक्का, सगळं. माझ्या नावाचं. मला हवं ते वाक्य त्यात होतं, जसंच्या तसं. फक्त ‘विद्यार्थ्यांनी’च्या जागी ‘सदर विद्यार्थिनीने’.

‘आणि बाकीचे दोघं?’

‘तुमचं प्रकरण विशेष म्हणून करतोय. बाकी कुणाला सांगायचं नाही. सगळ्यांना द्यायला लागलो तर कॉलेजचं नाव...’

पत्र हातात होतं. परवा मुदत. हे जोडलं की काम झालं — सल्ला केंद्रातली वकीलबाईसुद्धा तसंच म्हणाली होती. मास्तरांची मुलगी डोळ्यासमोर आली, नि चिमणीचं ते ‘मी पण त्याच वर्गात होते.’

‘वर्ग एकच होता, सर. पत्रही एकच द्या.’

‘मग तुमची मुदत जाईल.’

‘म्हणून तर आत्ता द्या म्हणतेय.’

नाही दिलं. मीही त्यांचं पत्र टेबलावर ठेवून आले.

चिमणीला सांगितलं तर आधी शिव्या घातल्या. ‘मूर्ख आहेस तू! आम्ही आमचं बघितलं असतं!’ मग गळ्यात पडली.

२१ जून, शुक्रवार

मुदत संपली. पत्राशिवायच अर्ज टाकणार होते, पण वकीलबाई म्हणाली, फेरविचार एकदाच मागता येतो, पुराव्याशिवाय टाकलास तर तो दरवाजाही बंद. उशीर का झाला ते लिहून मग पाठव.

मास्तर संध्याकाळी म्हणाले, ‘उद्या मी बोलतो.’

२२ जून, शनिवार

बोलले!! कॉलेजात नव्या प्रवेशांची माहिती द्यायचा कार्यक्रम होता. हॉल भरलेला, मुलं आणि त्यांचे आईबाप. पडद्यावर हसरे चेहरे. ‘शिक्षणानंतर कामाचा परवाना!’ प्राचार्य म्हणाले, ‘काही प्रश्न?’

मी उठणार तेवढ्यात शेजारून मास्तरच उभे राहिले. ‘शिकवणारे सर निघून गेले आणि कॉलेजने विषय रद्द केला, तर परवाना मिळतो का?’ आवाज थरथरत होता, पण वर्गातला होता. शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

एका मुलीचे वडील म्हणाले, ‘हो, सांगा की. मिळतो का?’

प्राचार्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. रिकामा होता!

२४ जून, सोमवार

पत्र मिळालं. ‘तिसऱ्या सत्रातील सर्व विद्यार्थी.’ सर्व! चिमणीने तो शब्द इतक्यांदा वाचला की शेवटी मीच म्हटलं, पुरे. माझा अर्ज आजच पाठवला. उशिरा, पण ताठ मानेने.

२० ऑगस्ट, मंगळवार

चिमणीचा मंजूर. मास्तरांचाही.

माझा मुदतीनंतर आला म्हणून उघडूनही बघितला नाही.

आईला फोन केला. तिने विचारलं, ‘एकटीचं पत्र घेतलं असतंस, तर परवाना मिळाला असता?’

‘हो.’

‘मग?’

‘मग काही नाही. शनिवारी पोचतेय. न्यायला या.’