मागाचा ड्रायव्हर उतरवला नाही, त्याचं कारण

नंदनवन, नागपूर
गुरुवार

प्रिय जितूदादा,

तुझ्या लहान आतेभावाचा नमस्कार. वाकून केला आहे असंच समज. प्रत्यक्षात वाकता येत नाही, कारण काल मागाखाली शिरून वायर शोधताना कंबरेत उसण भरली ती अजून उतरायचं नाव घेत नाही. हर्षावहिनींची पाठ आता कशी आहे? शेक घेत असतील तर चालू ठेवा म्हणावं, मीही तेच करून राहिलो. इकडे मामांची साखर ठीक, कौशल्यामामीचा आवाज ठीकपेक्षा बराच जास्त. खरं तर फोनच केला असता, पण फोनवर तू ‘हो हो, पुढं बोल’ म्हणत दुसरंच काहीतरी टाइप करत असतोस (बटणांचा आवाज इकडे येतो, दादा). म्हणून हे कागदावर, कुरिअरने. बसून वाच.

तू सोपवलेलं काम झालेलं नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे चिडायचं असेल तर आताच चिडून घे. तुझं म्हणणं साधं होतं. उमरेडचे मनोहरराव रविवारी माग विकत न्यायला येणार, त्यांना त्यावर त्यांचा प्रोग्राम पाहिजे, तर मी माझा ड्रायव्हर काढावा, त्यांचा घालावा आणि चालतो का पाहावं. तू म्हणालास, हात थरथरायला लागल्यापासून बाबांचं मागात मनच राहिलं नाही, आई कशीबशी शेवटची साडी ओढून राहिली, मग ती वस्तू ठेवायची काहून? माग गेला की दोघांना पुण्याला नेतो. मलाही हे पटलं होतं, खोटं कशाला बोलू.

आता वहिनी वाचत असतील तर त्यांच्यासाठी (तू ही ओळ सोडलीस तरी चालेल): ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि मागावरची पेटी यांच्यातला मध्यस्थ. कोणत्या ओळीला कोणते धागे उचलायचे ते कॉम्प्युटर सांगतो, पेटी उचलते, मधली बोलणी हा करतो. चालू कॉम्प्युटरमधून त्याला उतरवायचं तर आधी पाहावं लागतं की त्याच्यामार्फत कोणाचं काम तर चालू नाही. नाहीतर जेवणारे बसलेले आणि आपण त्यांच्या पुढच्या पत्रावळी ओढून राहिलो, असं होतं. म्हणून ड्रायव्हरने आपल्याकडे किती जण बसलेत ते मोजत राहायचं असतं. एकही उरला नाही की मगच उठायचं. हे मी ऑफिसात नव्या लोकांना शिकवतो, त्याचा पगार घेतो, आणि मामांच्या मागाचा ड्रायव्हर लिहिताना हे मोजणंच नेमकं राहून गेलं होतं.

सोमवारी मामीला म्हटलं, चहा पिऊन घ्या. मागाचा प्रोग्राम बंद केला, माझा ड्रायव्हर उतरवला, मनोहररावांचा चढवला. कॉम्प्युटरने हूं की चूं केलं नाही. मामी परत बसली, पायाने पावडी दाबली, पेटीने बरोबर धागे उचलले, आडवा धागा घेऊन धोटा सटकन गेला. मी स्वतःवर भलताच खूश झालो. आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून ठकठक सुरू झाली.

मला वाटलं शेजारच्यांनी पुन्हा बांधकाम काढलं (नंदनवनात एक घर पुरं होत नाही तर दुसरं पाडतात). पण मामीचा चेहरा उतरला. तिने नुकतीच विणलेली ओळ उसवली. परत विणली. परत ठकठक. मग तिने ती उसवली आणि तिच्या आधीचीही उसवली. मी पाहून राहिलो, कोयरी चांगली, काठ चांगला, आणि ही बाई धडधाकट साडीतून धागे ओढून राहिली! विचारलं, मामी, उसवता काहून? म्हणाली, ‘चुकलं असन बाप्पा.’ कोण म्हणते चुकलं? त्यावर तिने पुढचा धागा ओढला. दुपारपर्यंत साडी वीतभर कमी झाली. मी हात लावला की यंत्र बंद पडतं हे मला ठाऊक आहे, पण कापड आखडतं हे नवीन होतं.

कॉम्प्युटरच्या नोंदी उघडल्या तेव्हा दिसलं की ड्रायव्हर गेल्यावरही कोणीतरी त्याला हाका मारून राहिलं होतं. अख्खा कॉम्प्युटर कोसळला नाही हे मामीच्या देवघराचं पुण्य. मी निमूट माझा जुना ड्रायव्हर परत घातला, सुटी टाकली आणि तो नीट लिहायला बसलो. उतरायची वेळ आली की नव्या कोणाला आत घ्यायचं नाही, आत असलेल्यांना सांगायचं की आता पुढचं मिळणार नाही, शेवटचा माणूस आपणहून उठेपर्यंत थांबायचं आणि मगच जायचं. काल सकाळी असा शहाणा झालेला ड्रायव्हर उतरवायला गेलो, तर कॉम्प्युटर म्हणतो, नाही. एक जण वापरतो आहे.

मागाचा प्रोग्राम बंद, मामीच्या हातात कपबशी, मी समोर. मग हा एक जण कोण? मामीला विचारलं तर म्हणे, ‘कोनी नाही गा, मी त चहा पिऊन राहिली,’ आणि हे ती छताकडे पाहून म्हणाली. शेवटी नाव सापडलं. माग कॉम्प्युटरला जोडला त्या पहिल्या आठवड्यात तपासणीसाठी मीच बनवलेली पडद्यावरची एक छोटी खिडकी, सध्या कितवी ओळ चालू आहे ते दाखवणारी. ती कोणीतरी उघडून ठेवली होती. कॉम्प्युटरमागून एक जास्तीची वायर निघालेली दिसली. तिच्यामागे मागाखाली शिरलो (उसण ती हीच), भिंतीतल्या भोकातून, धान्याच्या कोठीमागून, थेट आतल्या खोलीत. तिथे मामीने सीताबर्डीवरून आणलेला जुना स्क्रीन, ‘यायले भजनं पाहाले पाहिजे’ म्हणून तुला सांगितलेला तोच. त्यावर भजन नाही, ओळी. आणि समोर खुर्चीत मामा, काठी भिंतीला टेकवून, कान मागाकडे.

मग मामीने सगळं सांगितलं. तिचे डोळे आता बारीक नक्षीत दगा देतात. पावडी दोनदा पडते आणि धोटा एकदाच जातो, हे तिला कळत नाही. मामांना कळतं. पडद्यावर ओळ सरकलेली दिसते, भिंतीतून धोट्याचा आवाज येत नाही, की ते काठी ठोकतात आणि ती उसवते. म्हणजे सोमवारी मी पडदा थिजवला, बिचाऱ्यांना धोटा ऐकू येई पण ओळ हलेना, आणि दोघांनी मिळून माझी चूक साडीतून निस्तरली. तुला का नाही सांगितलं? मामी म्हणाली, ‘त्याले सांगतलं त म्हनन, मायचे डोये गेले, बापाचा हात गेला, आता बंदच करा.’

दादा, मला तिथेच रडू आलं. ती साडी दोघं मिळून विणून राहिले, आणि आपण दोघे हुशार ‘कोणी वापरत नाही’ म्हणून मोकळे झालो.

तरी काम ते काम. मी मामांना म्हटलं, मामाजी, एवढी खिडकी बंद करता का, मले ड्रायव्हर काढा लागते. त्यांनी मान न वळवता सांगितलं, ‘थांब गा. हा काठ होऊ दे.’ मी बसलो. चहा झाला, जेवण झालं, दुसरा चहा झाला. कोष्ट्याच्या घरचा भाचा असून मला संध्याकाळी उमगलं, की काठ काही साडीच्या आधी संपत नाही.

वहिनींना नमस्कार. मिनलला या काकाचा आशीर्वाद, आणि अभ्यास होत नसेल तरी होतो म्हणून सांग म्हणावं.

तुझा,
अश्विन

ता. क. साडी झाली की काम करून टाकीन म्हणालो असतो, पण मामीने पुढच्या साडीच्या उभ्या धाग्यांचा ताणा आजच सांगून ठेवला. रंग मामांनी निवडला.

ता. क. दुसरा. मनोहररावांना मी कालच नाही म्हणून कळवलं. तेव्हा हे पत्र परवानगीसाठी आहे असं समजू नको. शिव्या मले घाल, घरी घालू नको.

ता. क. तिसरा. मागायचं होतं ते हे. तू रविवारी फोन करतोस आणि गोळ्या घेतल्या का, एवढंच विचारतोस. या रविवारी मामांना विचार, आज किती विणलं. ते म्हणतील, ‘मी कुठी विनतो, तुही माय विनते.’ तरी विचार.