शारीरिक शिक्षा बंद करणेबाबत

२ जुलै १९७४, मंगळवार

आकाराम गुरुजींचा फोक गेला! जिल्ह्याहून परिपत्रक आलंय — ‘विषय : शाळेतील शारीरिक शिक्षा बंद करणेबाबत.’ मुलांना मारायचं नाही, कोंडायचं नाही, उन्हात उभं करायचं नाही. गुरुजी आमचे हेडमास्तर. प्रार्थनेनंतर त्यांनी विषयाची ओळ सगळ्यांसमोर मोठ्यांदा वाचली, बाकीचं तोंडातल्या तोंडात, आणि निरगुडीचा फोक माळ्यावर टाकला. चेहरा असा, की घरातलं कुणी गेलंय! मला मात्र आतून गुदगुल्या. माझा नियाज याच शाळेत चौथीत. बाईंचा मुलगा म्हणून त्याला दोन छड्या जास्तीच मिळायच्या.

नातवाला सोडायला आलेल्या रंगूबाईंना काही हे पटलं नाही. “न मारता पोरं शिकत्यात व्हय? बैलसुदिक चालत न्हाई!”

३ जुलै

नाथाजी हवालदार आज कवायतीला आले नाहीत. फौजेतून पेन्शनीवर आल्यापासून सकाळची कवायत तेच घेतात — फुकट, हौसेनं. पावसातही चुकत नाहीत. बरं नसेल.

५ जुलै

आजही नाहीत. गुरुजींनीच कवायत घेतली. ‘डावीकडे वळ’ म्हणाले आणि स्वतः उजवीकडे वळले! पोरं आधी दबकत हसली, मग फोक नाही हे आठवलं आणि पोटभर हसली. मीही हसले. पण मैदानाची रयाच गेलीय. रांगा म्हणजे नुसती वाकडी वळणं.

जेवताना नियाज सारखा विचारत होता, हवालदार कधी येणार. मला काय ठाऊक! रविवारी जाऊन येते म्हटलं, तेव्हा कुठे जेवला.

७ जुलै, रविवार

गेले. हवालदार म्हशीला वैरण टाकत होते. इस्त्रीची खाकी नाही, दाढी वाढलेली. पार म्हातारे दिसले हो! कवायत का सोडली विचारलं, तर वैरणीकडेच बघत म्हणाले, “सरकारी हुकूम हाय बाई. शारीरिक शिक्षा बंद. हुकूम म्हंजे हुकूम.”

क्षणभर कळेना. मग लख्ख उजेड पडला! फौजेत सगळा कारभार हिंदीत. हिंदीतली शिक्षा म्हणजे शिकवणं. म्हणजे शारीरिक शिक्षा ही यांची कवायतच की! म्हटलं, “अहो हवालदार, ही मराठीतली शिक्षा! फोक बंद झालाय, तुमची कवायत नव्हे.”

त्यांनी हातातली वैरण खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, “व्हय की. हिंदीच डोक्यात बसलीया बगा.” आणि हसले. उद्यापासून येतो म्हणाले. साळूबाईंनी, त्यांच्या मालकिणीनं, गुळाचा चहा दिला. वाटभर मी एकटीच हसत घरी आले. काय पण डोकं चाललं माझं!

८ जुलै

आले! दाढी गुळगुळीत, शिट्टी खणखणीत. पोरं सुतासारखी सरळ. नियाज पहिल्या रांगेत, छाती ही एवढी पुढे काढून. किती बरं वाटलं! शाळा पुन्हा शाळेसारखी दिसली.

हिंदी-मराठीची गंमत गुरुजींना सांगितली. फोक गेल्यापासून पहिल्यांदाच हसले बिचारे.

१० जुलै

गंमत गावभर झाली. झाली कसली, मीच केली! पिठाच्या गिरणीत सांगितली, दुधाच्या डेअरीवर सांगितली. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, आईचं म्हणणं खोटं नाही. आता जो तो विचारतो, “काय हवालदार, शिक्षा चालू का बंद?” ते मिशीतल्या मिशीत हसतात. “चालू हाय रं गड्या, चालू हाय.” भला माणूस.

गुरुजींनी आज पाढा अडलेल्या कृष्णात नावाच्या पोराला शेजारी बसवून घेतलं आणि त्याच्याबरोबर स्वतः पाढा म्हटला. जमतंय की त्यांना! या शाळेत मी सुखी आहे, हे लिहून ठेवायला हरकत नाही.

१२ जुलै

साळूबाई आडावर भेटल्या. आजूबाजूला कुणी नाही बघून म्हणाल्या, “बाई, आमच्या मालकास्नी मराठी कळती की! हुकूम वाचला त्याच्या आदल्या दिशी कवायतीत पाय चुकला म्हनून त्यांनी तुमच्या नियाजला थोबाडीत दिली हुती. पोरानं तुमास्नी सांगितलं न्हाई. ह्यास्नी मातूर घास गिळंना. मारनाऱ्या मानसानं आता शाळंत जाऊ ने, म्हनायचे. तवर तुमीच ते हिंदीचं काढलंसा.”

मी म्हटलं, अहो, सगळं गाव हसतंय त्यांना — माझ्यामुळे!

“मी बी म्हनलं, खरं सांगून टाका. तर म्हनले, हसू दे. तेवढी शिक्षा तर मला व्हायाच पायजे.”