फरदड

१३ जानेवारी २०२५, सोमवार

कोर्टाचा बेलीफ आला अन् गेला! ताबा नाही.

फारकती झाली तेव्हा माह्या नवऱ्यानं, हरिसिंगनं, कोर्टात सगळ्यांसमोर सही केली — रस्त्याकडचं दोन एकर जमनाबाईचं, विहिरीकडचं त्याचं. रस्त्याकडचं बरड आहे, वरची माती खुरपाभर, खाली नुसता मुरूम. म्हणून तं दिलं! पण घेतलं मी. मोजणी झाली, दगड रोवले. त्याले दोन पावसाळे झाले अन् अजून पीक तोच खाते. म्हणून वकील बाईनं ताब्यासाठी कोर्टात दरखास्त टाकली, तवा कुठं बेलीफ निघाला.

आम्ही पोचलो तं हरिसिंग धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, हात जोडून उभा. खास ट्रक सोडून आलता. "साहेब, उभं पीक हाय. गरिबाचं पीक कसं तुडवता?" संसारात मले कधी असे हात जोडले नाही मेल्यानं!

बेलीफ वाईट माणूस नाही. म्हणे, "बाई, पीक निघू द्या, मंग येतो." कागदावर लिहिलं, माही सही घेतली, फटफटीवर बसला.

कशाचं पीक? कापूस कधीचा वेचून झाला. आजूबाजूच्यायनं पऱ्हाट्या उपटल्या, वावरं रिकामी केली. हा पाणी देऊन देऊन तीच जुनी पऱ्हाटी पुन्हा फुटवून राह्यला — फरदड. बोंडात अळी, कापूस पिवळा, व्यापारी हात लावत नाही. पण उभी आहे ना! कोर्टाले तेवढंच दिसते.

१४ जानेवारी

संक्रांत. गोड बोला म्हणे. भावजयीशी बोलली गोड. तेवढंच पुरे झालं.

१७ जानेवारी, शुक्रवार

सत्यशीला मॅडमकडं गेलती, माह्या वकील बाई. त्यायनं सगळं ऐकून घेतलं अन् म्हणे, "फरदड मोडली की हा तीळ पेरेल, मग पुन्हा कापूस. जन्मभर पीक उभंच राहील. मी अर्ज टाकते — उभ्या पिकासह ताबा द्या म्हणून."

मी म्हटलं, "मॅडम, उपटूनच टाकू का?"

खुर्चीतून उठल्याच! "जमनाबाई, हात लावायचा नाही. उपटलं तर तक्रार तुमच्यावर. कोर्टानं दिलेलं कोर्टाच्या हातूनच घ्यायचं."

तारीख तीन फेब्रुवारीची. बरं. पण मले वाट पाहाचं येत नाही. भाकर बी तव्यावरून कच्चीच काढते मी. माहा भाऊ बादल रोज बोंबलते — "बाई, चार घडी दम धर!" त्याच्याच घरी राहते, म्हणून ऐकून घेते. परक्याच्या आंगणात किती दिवस चूल मांडू? वावर हाती आलं की कोपऱ्यात एक खोली बांधीन, टिनाची का होईना. अन् या पावसाळ्यात तूर. माही तूर.

२६ जानेवारी, रविवार

वावर पाहून आली. रस्त्यावरूनच, आत पाय नाही ठेवला. रस्ता मोठा करून राह्यले, धुळीनं डोळे भरले, टिप्परवर टिप्पर.

हरिसिंग तं पांढरकवड्याले ट्रकवर असते. मंग पाणी कोण देते? सासू! रुखमाबाई! गुडघे गेलेली म्हातारी नळी ओढत ओळीओळीनं फिरून राह्यली. मले पाहिलं तशी धुऱ्यापर्यंत आली.

"याडी, माय वो, कोणासाठी मरून राह्यली?"

"पीक हाय ना."

"पीक? अळ्या पोसून राह्यली तू!"

"राहू दे जमना. तुहा बेलीफ येते तोवर राहू दे."

"अवो, हे हाय म्हणून तं तो येत नाही!"

झोपडीपाशी हरिसिंगची नवी बायको राखी उभी होती, कानाला मोबाइल, नजर आमच्यावर. म्हातारीनं तिकडं पाहिलं अन् नळी उचलून चालली.

मले टायफाइड झालता तेव्हा याच बाईनं चमच्या चमच्यानं पेज पाजली. कोर्टात फारकतीच्या दिवशी एकटी हीच रडली. अन् आता पोराच्या बाजूनं पाणी ओढते. हरिसिंगचा राग येते तो येते, त्याची सवय आहे. हिचा जिवाले लागला.

३ फेब्रुवारी, सोमवार

साहेब रजेवर. नवी तारीख मार्चात. मार्चात!!

५ फेब्रुवारी, बुधवार

उपटली.

भावाले सांगितलं नाही. दोन बाया मजुरीनं घेतल्या अन् सकाळीच वावरात. पऱ्हाटी अशी घट्ट की हात सोलून निघाले, पण प्रत्येक झाड निघालं की जीव थंड होत जाय. रस्त्याच्या बाजूनं सुरुवात केली — येणाऱ्या-जाणाऱ्यायनं पाहावं म्हणून! एकजण गाडी थांबवून म्हणे, "काय मावशी, ताबा भेटला काय?" म्हटलं, "घेतला!"

दुपारी रुखमाबाई पळत आली. पळत! त्या गुडघ्यांनी! माहा पदरच धरला. "छोरी, मत उपाड! मत उपाड!" आमच्या तांड्याच्या बोलीत बोलली, लेकरावर ओरडावं तशी.

"तुह्या पोरानं धाडलं काय? सांग त्याले, उभं पीक झोपलं आता!"

बाया हसल्या. मी बी हसली. म्हातारीनं माह्याकडं असं पाहिलं की हसणं बंद करा लागलं. मंग मागच्या ओळीत जाऊन बसली, उठेच ना. तिच्या अंगावरून कसं उपटावं? तेवढं सोडलं. अर्ध्याच्या वर झालं होतं. लई दिवसानं पोटभर जेवली.

६ फेब्रुवारी

मॅडमचा फोन. आरडाओरडा नाही केला, तेच वाईट वाटलं. "राहिलेल्या झाडांना तरी हात लावू नका, जमनाबाई. माझ्यासाठी." बरं म्हटलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

शेजारच्या वावराच्या गोविंदाचा फोन आला — "काकू, तुमच्या वावरात जेसीबी!" बादलच्या गाडीवर बसून गेलो. रस्त्याकडून, जिथून मी उपटलं होतं तिथूनच मशीन आत शिरलेली. टिप्पर रांगेत. मुरूम काढून राह्यले! रस्त्यावर टाकाले! चांगला विहिरीएवढा खड्डा, काठावर माह्या वावराची माती कचऱ्यासारखी लोटलेली.

हरिसिंग धुऱ्यावर. "काय करून राह्यला रे?" — "माह्याच ताब्यात हाय अजून. अन् पीक तं तूच उपटलं. आता बेलीफ येईनच, मंग मी काहून सोडू?" हसत म्हणे!

मशीन फरदडीच्या उरलेल्या ओळीपाशी थांबली होती. त्या ओळीत रुखमाबाई बसलेली. ड्रायव्हर म्हणे, "माय, उठ ना वो." ठेकेदाराचा माणूस म्हणे, उभ्या पिकात मशीन घालत नाही आपण, पंचनाम्याच्या भानगडी होतात. हरिसिंगनं मायले शिव्या दिल्या. ती जागची हलली नाही. म्हटलं, पोरगा जमीन खोदते अन् माय बोंडं राखते — काय येडं घर!

मी मशीनच्या पुढं जाऊन उभी राह्यली, बादल फोटो काढत होता, गोविंदानं चार माणसं गोळा केली. टिप्पर रिकामे गेले.

१० फेब्रुवारी

मॅडमनं फोटो कोर्टापुढं ठेवले. तातडीचा हुकूम. मार्च नाही, याच हप्त्यात ताबा, पोलिसासह. हेच आधी झालं असतं तं? विचारलं नाही. उत्तर ऐकाची हिंमत नव्हती.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ताबा भेटला. बेलीफ, दोन पोलीस, पंच. उरलेल्या पिकासह. बेलीफ मले चारी दगड दाखवत फिरला, खड्ड्यापाशी थांबला. मी सही केली. या सहीची वाट पाहून पाहून... जाऊ दे.

हरिसिंग जाता जाता म्हणे, "घे तुहा खड्डा! अन् फरदडीची अक्कल कोणाची व्हती, ते विचार त्या बुढीले!"

म्हणजे हिचीच! पुन्हा तोंड पाहाचं नाही तिचं.

१५ फेब्रुवारी

सेवालाल महाराजांची जयंती. तांड्यात भोग होता, मी गेली नाही. दुपारी रुखमाबाईच दारात, पितळीत लापशी घेऊन. पितळी हातात घेतली नाही मी. उभ्या उभ्या विचारलं, फरदड काहून ठेवाले लावली त्याले?

खाली बसली. म्हणे, "दिवाळीतच मुरूमवाला घरी आलता. ताबा जावाच्या आत सारं खोदून ने, हरिसिंग म्हणे त्याले. मी म्हटलं, येड्या, पीक उभं ठेव, बेलीफ आपोआप परत जाते. ऐकलं त्यानं. राखी संग असे, तुले सांगू कशी? कागद तं तुह्यापाशी व्हताच, जमना. उभ्या पिकात मशीन शिरत नाही; पिकाखालचं वावर तं राहाले पाहिजे व्हतं."

अन् उपटली मी.