गुरुजींनी दाखवलेला डोंगर

पुणे,
२० नोव्हेंबर २००६

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोन केला की तुम्ही 'हं' म्हणता आणि रिसीव्हर आईच्या हातात देता. तिच्याकडून मला थंडी, शेजारचं बारसं आणि तुमचं कमी झालेलं जेवण कळतं, तुमचं काहीच कळत नाही. म्हणून पत्र. पत्राला नुसतं 'हं' लिहायचं म्हटलं तरी निदान पोस्टापर्यंत चालावं लागेल.

काम असं आहे. आमच्या हौशी मंडळींनी देऊळगावची टेकडी ते दुसरबीडची टेकडी अशी बिनतारी जोडणी करून बघायचं ठरवलं आहे. सगळे नोकऱ्या सांभाळून रविवारी हे उद्योग करतो, पगार कुणालाच नाही. दोन्हीकडे जाळीची एकेक डिश, लॅपटॉप आणि मोटारसायकलची बॅटरी. नकाशावर पट्टी ठेवली तर अंतर अठ्ठावीस किलोमीटर भरतं. जमलं तर दुसरबीडच्या शाळेत इंटरनेट येईल, आणि फवारणी करताना विषबाधा झालेला माणूस तिथली नर्स देऊळगावच्या डॉक्टरांना पडद्यावर दाखवू शकेल. जानेवारीअखेर नाही जमलं तर सामान दुसऱ्या जिल्ह्यात जाणार.

देऊळगावच्या टेकडीवर मी असेन. दुसरबीडच्या टेकडीवर तुम्ही हवेत. बावीस वर्षं तिथं मास्तरकी केलीत, तुम्हाला वाट विचारावी लागणार नाही. आपल्या शंतनुचं तिथलं बियाण्याचं दुकान बंद झाल्यापासून तुम्ही त्या गावात पाऊल टाकलेलं नाही, हे मला माहीत आहे. माहीत असूनच विचारते आहे.

आईला नमस्कार. माझ्यावर लोभ आहेच. राग आला तर तोही पत्रानेच पाठवा.

तुमची,
श्रद्धा

*

देऊळगाव राजा,
२७ नोव्हेंबर २००६

चि. श्रद्धा हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. राग आला नाही. आजकाल येत नाही.

तू दुकानाचा विषय काढलास म्हणून लिहितो. गेल्या वर्षीच्या पेरणीला गावाने शंतनुकडून बीटी कपाशीची पाकिटं नेली आणि ती बोगस निघाली. झाडं कमरेएवढी झाली, बोंडं धरली नाहीत. दिवाळीनंतर लोक दुकानापुढे जमले, तेव्हा सगळ्यांदेखत मी त्याला, पोटच्या पोराला, खोटारडा म्हणालो. तोही फसला होता का, हे विचारलं नाही. त्याने शटर ओढलं आणि गेला. तुझ्याकडे राहतो, एवढं तुझ्या आईच्या बोलण्यातून कळतं. यातलं सगळं तुला ठाऊक आहे. लिहिल्यावर काही होतं का, ते बघत होतो. झालं नाही. दाताच्या डॉक्टरने सुई टोचली की स्वतःचा गाल दुसऱ्याचा वाटतो, तसं माझं सगळ्याच बाबतीत झालं आहे. जेवतो, झोपतो, पेपर वाचतो. तक्रार नाही.

येतो म्हणून तुझ्या मंडळींना कळव. हौस आहे असं समजू नकोस. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. तुझी आई म्हणते, पोरीले सांगा, डोक्याले रुमाल बांधायचं तिनंच तुमाले लिहावं, माह्यं तं तुम्ही आयकतच नाही.

कळावे. प्रकृतीला जपणे.

तुझे,
बाबा

*

देऊळगाव राजा,
११ डिसेंबर २००६

चि. श्रद्धा हिस,
अ. उ. आ.

कालचा अहवाल पाठवतो. सकाळच्या बसने दुसरबीडला उतरलो. स्टँडवर चार ओळखीचे होते. कुणी तोंड फिरवलं नाही, कुणी जवळही आलं नाही. माझा जुना विद्यार्थी सहदेव आला आणि न विचारता डिश खांद्यावर घेऊन टेकडी चढू लागला. त्याने गेल्या वर्षी पाच एकरांत तीच पाकिटं लावली होती. वर दर्ग्यातल्या सईदभाईंनी बॅटरी सावलीत ठेवायला जागा दिली, चहा दिला.

तू सामानाबरोबर होकायंत्र दिलं होतंस. ते मी पिशवीतून काढलं नाही. पश्चिमेला दोन डोंगर दिसतात, त्यांतला डावा देऊळगावचा, हे मी बावीस वर्षं चौथीच्या पोरांना शाळेच्या ओट्यावरून दाखवत आलो. मला कसलं होकायंत्र. डिश डाव्या डोंगराकडे लावली. नऊ ते बारा बसलो. लॅपटॉपवर काही नाही.

बारानंतर सहदेव खालमानेनं म्हणाला की गुरुजी, राग येऊ देऊ नका, पण देऊळगाव तिकडं नाही, तो सिंदखेडचा डोंगर हाये. उजवा पाहा. मी विचारलं की तुला कधीपासून ठाऊक. तो म्हणाला, ल्हानपणापासून, आमची सोयरीक हाये तिकडं, साऱ्या गावाले माहीत हाये. मग सकाळी का नाही बोललास? तर तुम्हीच शिकवेल होतं गुरुजी, म्हणाला.

डिश उजवीकडे वळवली. सिग्नलचा उणे चौऱ्याऐंशी असा आकडा दोन मिनिटं दिसला आणि गेला. तुम्ही सामान आवरत असाल.

येताना बसमध्ये मला आठवलं. पेरणीच्या वेळी मी दुकानात खुर्ची टाकून बसलो होतो. सहदेवने पाकीट तीन-चारदा उलटसुलट केलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, घे रे, शंका काय काढतोस. त्याने घेतलं. त्याच्यामागे उभे होते त्यांनीही घेतलं. मला वाईट वाटायला हवं. तेवढं कळतं, पण वाटत नाही.

पुढची तारीख कळव.

तुझे,
बाबा

*

पुणे,
१८ डिसेंबर २००६

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

दोन मिनिटांचा आकडा आमच्याही पडद्यावर आला होता, पण मी वायरी गुंडाळत होते! आमच्यातला एक जण नाचायच्या बेतात होता. पुढची तारीख ७ जानेवारी. होकायंत्र पिशवीतून काढणे, ही लेकीची आज्ञा समजा.

डोंगराचं वाचून आधी हसू आलं. मीही तुमच्याच वर्गात होते. परवापरवापर्यंत मीसुद्धा डावा डोंगर आपला समजत होते.

आता दुसरं. तुमचं पत्र मी शंतनुला वाचायला दिलं. तुम्हाला विचारलं नाही, त्याबद्दल बोलणी खाईन. गेलं वर्षभर तो माझ्याकडे बाहेरच्या खोलीत झोपतो, दिवसभर आमच्या डिश जोडून देतो आणि घरात पाहुण्यासारखा वावरतो. त्याचंही तुमच्यासारखंच झालं आहे. हाक मारली की दुसऱ्यांदा ओ देतो. पत्र त्याने दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं आणि विचारलं की ७ तारखेला देऊळगावच्या टेकडीवर कोण बसणार. मी म्हटलं, तू बस.

तो येणार आहे, पण एका अटीवर: घरी येणार नाही. बसमधून उतरून टेकडीवर आणि टेकडीवरून बसला. आकडा आला की लॅपटॉपवरून बोलताही येतं; मी सोबत असेन, पण हेडफोन त्याच्या कानाला असेल. बाबा, मला फक्त तुम्ही दोघांनी एकमेकांशी बोलायला हवं आहे. जोडणी झाली तर ठीक, नाही तर ते सामान जाऊ दे कुठल्याही जिल्ह्यात.

आईला नमस्कार. तुमचा लोभ आता दोघांत वाटून द्या, मी तक्रार करणार नाही.

तुमची,
श्रद्धा

*

देऊळगाव राजा,
८ जानेवारी २००७

चि. शंतनु यास,
अनेक आशीर्वाद.

काल सव्वादहाला आकडा आला. तू दोनदा बाबा म्हणालास. मी उणे शहात्तर म्हणालो. तू बरं म्हणालास. चौदा महिन्यांनी आपण एवढं बोललो. मी काय बोलायचं ते बसमध्ये ठरवून गेलो होतो, चार वाक्यं होती. तुझा आवाज आला आणि समोरच्या आकड्याखेरीज काही सुचेना.

मग सहदेवने हेडफोन माझ्या हातून काढून घेतला आणि तुला विचारलं की काऊन बे, जिता हायेस का, एखादा निरोप तरी धाडायचा. तू काय उत्तर दिलंस ते मला ऐकू आलं नाही. तो बराच वेळ मान हलवत होता. टेकडीवर तोवर आठ-दहा माणसं जमली होती, गोजरबाईही होती. तिचा आख्खा हंगाम त्या पाकिटांत गेला, हे तू विसरला नसशील.

सहदेवचं बोलणं झाल्यावर मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं की पाकीट उलटसुलट करून तू काय बघत होतास. तो म्हणाला की छपाई पुसट होती. त्याला तेव्हाच शंका आली होती, पण खुर्चीत गुरुजी बसलेले, गुरुजी घे म्हणतात, मग तोंड कसं उघडायचं. तू आत पोती लावत होतास. तू कुणालाही घे म्हणाला नव्हतास. तो हे रागाने बोलला नाही. रागाने बोलला असता तर बरं झालं असतं.

तेव्हा मला लाज वाटली, शंतनु. मी तिथल्याच दगडावर बसलो. इतक्या महिन्यांत मला काही वाटलं ते हे पहिलं. सईदभाईंनी पाणी दिलं. मग मी उभा राहिलो आणि तिथं जमलेल्यांना सांगितलं की बी माझ्या शब्दावर विकलं गेलं, पोराच्या नाही. आणि नंतर मीच त्याला सगळ्यांदेखत खोटारडा म्हणालो, ते चुकलं. गोजरबाई म्हणाली की हे मले कायले सांगता गुरुजी, ज्याले म्हणलं त्याले सांगा. माह्यं जे गेलं ते गेलंच. ती माफ करेल असं मला वाटत नाही, आणि तिने का करावं.

म्हणून मी हेडफोन लावला आणि सगळं पुन्हा बोललो. सावकाश बोललो, वर्गात श्रुतलेखन सांगावं तसं. चार वाक्यांहून जास्त झालं. बोलून झाल्यावर तुझ्या उत्तराची वाट पाहिली. गावही वाट पाहत होतं. मग सहदेव खाली वाकला आणि म्हणाला की गुरुजी, बॅटरीची तार निघेल हाये, कुणाचा तरी पाय लागला. तार जोडून आकडा परत यायला पाऊण तास गेला. तेव्हा पलीकडे श्रद्धा होती, माझं काहीच तिकडे पोचलं नव्हतं म्हणाली. तू बस गाठायला टेकडी उतरून गेला होतास.

त्यामुळे दुसरबीडच्या आठ-दहा माणसांना ते ठाऊक आहे, आणि तुला नाही. म्हणून इथं लिहितो. तू खोटं बोलला नव्हतास. ज्याची मला खात्री नव्हती ते मी खात्रीने बोललो, आणि निस्तरायला तुला पुढे केलं. मला माफ कर.

तुझी आई टेकडी चढून तुला भाकरी देऊन आली, काल रात्रीपासून गुडघे शेकते आहे. मी विचारलं की पोरगा कसा दिसतो. ती म्हणाली, सोताच जाऊन पाहा.

तू घरी येऊ नकोस. शनिवारच्या बसने मी पुण्याला येतो आहे. दार उघडलं नाहीस तरी मी जिन्यात बसेन.

तुझ्यावर लोभ होता, आहे.

तुझे,
बाबा