नोंदवहीतला चमचा

मंगळवार, ११ तारीख

पोचलो एकदाचे. तळं केवढं म्हणावं — पलीकडचा काठच दिसत नाही! लेक म्हणाली, अगं तो काय समोर, झाडं आहेत, एक मोडकी होडी आहे. मी म्हटलं हो की, आहे आहे.

वहीला खरं सांगायला हरकत नाही. मला ना झाड दिसलं ना होडी. मागच्या थंडीपासून लांबचं सगळं पाण्यात दूध ओतल्यासारखं झालंय. वीतभर अंतरावरचं मात्र लख्ख. सुईत दोरा मी ओवते, हे लिहितेय तेही चष्म्याशिवाय. म्हणून कुणाला संशय नाही. आणि येऊही द्यायचा नाही! लेक चार वर्षं घरी होती, आता एक तारखेपासून परत कामावर जायचं म्हणतेय. कपड्यांच्या कारखान्यात शिलाई तपासायची ती, टाका सुटला की पकडायची. दिवसभर चुका शोधायची नोकरी, घरी आल्यावर तरी सुट्टी घ्यावी की नाही! तर ती गेली की भिंगरी माझ्याकडे. भिंगरी म्हणजे नात, एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. डोळ्यांचं कळलं की ती जाणार पाळणाघरात आणि मी बसणार भिंतीकडे बघत.

खोली छान आहे. पलंगाचा एक पाय आखूड. खाली पुठ्ठा घातला.

बुधवार, १२

शेजारच्या खोलीत एक मास्तर आणि मास्तरीणबाई आहेत. मास्तर निवृत्त, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. त्यांना पक्ष्यांचं वेड. गळ्यात दुर्बीण, खिशात दुसरी दुर्बीण. मास्तरीणबाई म्हणाल्या, लग्नात माझ्याकडेही इतकं निरखून बघितलं नव्हतं यांनी.

सकाळी सगळ्यांना काठावर नेलं. हा बघा पाणकावळा, पंख वाळवतोय. दिसला? — दिसला. ती बघा टिबुकली, बुडाली, आता तिकडे निघेल. दिसली? — दिसली हो! भिंगरीसुद्धा माझ्यापेक्षा खरं बोलते, ती सरळ म्हणाली मला नाही दिसली. पण कानाला सगळं कळत होतं हं. टिटवी ओरडली ती डावीकडून. खंड्या टाहो फोडत गेला तो डोक्यावरून. लहानपणी नदीवर धुणं धुवायला जायचो तेव्हा हेच सगळे सोबतीला असत, त्यांची नावं मास्तरांकडून शिकायची वेळ आलेली नाही अजून.

व्हरांड्यात टेबलावर एक नोंदवही आहे, दोरीला पेन बांधलेलं. ज्याला जे दिसलं ते त्याने लिहायचं. सगळ्यांनी लिहिलं. मग मास्तरीणबाई म्हणाल्या, आजी, तुमचं? लेक माझ्याकडे बघत होती. भिंतीवर पक्ष्यांच्या चित्रांचा तक्ता आहे, माझ्या नाकासमोर जो पक्षी आला तो लिहून टाकला — चमचा, एक, पोहत होता. चोच बाई अगदी वाढायच्या पळीसारखी! मला आवडला.

गुरुवार, १३

घोटाळा झाला.

तळ्याचा रखवालदार रोज सकाळी नोंदवही वाचतो. आज वाचता वाचता उठून उभाच राहिला. चमचा इथे नऊ वर्षांत आलेला नाही म्हणे! तळ्यातला गाळ वाढला, तेव्हापासून फिरकला नाही. कुणी बघितला, कुणी बघितला? मास्तर दाढी अर्धवट सोडून बाहेर आले. एका गालावर साबण तसाच. कुठे होता, किती लांब, कुणीकडे गेला? मी हात केला. कुठे केला देव जाणे. तिकडे वेतासारखं उंच गवत आहे म्हणे, मास्तर स्टूल घेऊन त्यात जाऊन बसले.

दुपारचं जेवण मास्तरीणबाईंनी तिथे नेऊन दिलं. परत येऊन म्हणाल्या, चौतीस वर्षांत शाळेला उशीर केला नाही आणि आता जेवायला हाक मारली तर शुक् करतात.

शुक्रवार, १४

चमचा नाही. मास्तरांना सर्दी झाली.

शनिवार, १५

रखवालदाराने फोन केले असणार. सकाळी सात माणसं आली, हातभर लांबीचे कॅमेरे घेऊन. एकाने तर मला वाकून नमस्कार केला! मी मेली चहाच्या कपात बघत बसले. भिंगरी प्रत्येकाला सांगत सुटली, माझ्या आजीला दिसला, माझ्या आजीला दिसला.

आणि लेक! किती खुलली होती. सगळ्यांना सांगत होती, आमच्या आईची नजर घारीची आहे. मग तिथूनच कारखान्यात फोन लावला, एक तारीख पक्की म्हणून सांगून टाकलं. मला म्हणाली, तू आहेस म्हणून हिंमत करतेय.

हेच तर हवं होतं मला. मग तिच्याकडे बघायचं का टाळलं मी?

मास्तर शिंकत शिंकत परत गवतात.

रविवार, १६

दार लावून लिहितेय.

सकाळी लेक अंघोळीला गेली, म्हणाली भिंगरीकडे बघ. मी पायरीवर बसले. समोर लाकडी धक्का आहे होडीचा, त्याच्या टोकाला भिंगरीचा लाल फ्रॉक. मी तिला म्हटलं, तिथेच बस हं राणी, पाण्याकडे वाकू नकोस. शहाण्यासारखी बसली. एवढी शहाणी कशी झाली म्हणून मला कौतुक! मग तिला माकडाची गोष्ट सांगितली, निम्मी सांगून झाली असेल. तेवढ्यात मागून मास्तरीणबाईंचा आवाज — ही घ्या तुमची भिंगरी, पार कुंपणापाशी होती, बदकांना बिस्किटं भरवत.

मागे बघितलं तर भिंगरी. पुढे बघितलं तर लाल तसंच.

उठून गेले धक्क्यावर, चाचपत. बुडणाऱ्याला फेकायचं लाल कडं होतं, खांबाला अडकवलेलं. त्याला मी गोष्ट सांगत होते. भिंगरी कुंपणाऐवजी दुसरीकडे गेली असती तर? तर मी गोष्ट पुरी केली असती. माकडाचं लग्नसुद्धा लावलं असतं.

संध्याकाळची वाट बघितली नाही. मास्तरांना गवतातून बोलावून घेतलं. रखवालदार होता, मास्तरीणबाई होत्या, लेक ओले केस पुसत आली. सगळ्यांसमोर म्हटलं, “तो चमचा मी पाहिला नाही. मला धक्क्याचं टोकही दिसत नाही.”

आणि कड्याचं सांगितलं. तेही सगळं सांगितलं.

लेक धक्क्यावर गेली, ते कडं हातात घेऊन उभी राहिली. आली ती एवढंच म्हणाली, “एवढी वर्षं परक्यांच्या शिवणी तपासल्या गं, आई.” पंचा खांद्यावर टाकला. मग म्हणाली, घरी गेलो की आधी डॉक्टर. कारखान्याचं नंतर बघू.

मास्तर चिडले. चिडणारच! नाक लाल, आवाज बसलेला, तरी चिडले. आत गेले ते चहालाही बाहेर आले नाहीत. नंतर पट्टी घेऊन आले आणि नोंदवहीतल्या माझ्या ओळीवर सरळ रेघ मारली. म्हणाले, पोहत होता असं लिहिलंत तेव्हाच शंका आली होती, चमचा पाण्यात चालत फिरतो, पोहायच्या भानगडीत सहसा पडत नाही. मी म्हटलं, मग तीन दिवस बसलात कशाला? तर म्हणतात, शंका आली म्हणून बघायचंच सोडलं, तर पोरांना आयुष्यभर शिकवलं काय? मास्तरीणबाई म्हणाल्या, आता शिकलात ना, काढा घ्या.

सोमवार, १७

शेवटचा दिवस. आज किती मज्जा!

मास्तर उजाडताच दारात. म्हणाले, चला, आज डोळे मिटून बसायचं. मला स्टूल दिलं, स्वतः जमिनीवर. मी ऐकायचं आणि सांगायचं, त्यांनी दुर्बिणीतून पडताळायचं. टिटव्या दोन, भांडताहेत. — बरोबर. खंड्या, उजवीकडच्या झाडावर. — बरोबर! हा पाणकोंबडीचा. हा बेडूक, पक्षी नव्हे, उगाच लिहू नका. अकरा सांगितले, दहा बरोबर निघाले. अकरावा रखवालदाराच्या सायकलचा ब्रेक होता.

मास्तरांनी नोंदवहीत पट्टीने नवा रकाना आखला. ‘ऐकलेले’. खाली मला सही करायला लावली. दोरीला बांधलेलं पेन मध्येच अडलं, तर ते तेवढा वेळ थांबले.

लेक पण आली होती, मागे उभी होती. भिंगरीचा हात तिच्या हातात. माझ्या हातात कुणी दिला नाही. मीही मागितला नाही.

शुक्रवार, २८

मोतीबिंदू! दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या इतके दिवस कसे काढलेत, मी म्हटलं थापा मारून. खूप हसल्या. गुरुवारी एक डोळा, दुसरा नंतर. लेकीने कारखान्यात महिनाभर पुढचं सांगितलं. भिंगरीने माझ्यासाठी काळा चष्मा रंगवून ठेवलाय कागदाचा.

शुक्रवार, ५

पट्टी काढली. घरी येऊन खिडकीतून बघितलं — समोरच्या गच्चीवरची दोरी दिसते, दोरीवरचे चिमटेसुद्धा मोजले, नऊ!

मग लेक चहा घेऊन आली. तिच्या भांगात दोन बोटं पांढरं झालंय. डोळ्यांखाली काळं. ओठाच्या कडेला एक रेघ आहे, ती मला माहीतच नाही. कधी झालं हे?

म्हटलं, चहा राहू दे, कंगवा आण, बस इथे. बसली. वेणी अर्धी झाली नाही तोच माझ्या गुडघ्यावर डोकं टेकून झोपली.