खालच्या फोनची खरखर

११ सप्टेंबर ७८
खाणीतल्या फोनला मी बनवलेला ट्रान्झिस्टरचा अॅम्प्लिफायर आज बसवला. खालचा माणूस बोलला की वर, दगडाची डोल ओढणाऱ्या इंजिनवर बसलेल्या शामरावला मोठ्यानं ऐकू येतं. पण पंप सुरू झाला की खरखरही तेवढीच मोठी. शामराव म्हणाला, "भाऊ, माणसापेक्षा भुंगाच जास्त बोलून राहिला." हसलो.

१४ सप्टें.
कारण सापडलं. फोनची तार पंपाच्या केबलला चिकटून खाली गेली आहे, त्याचा करंट हिच्यात घुमतो. फोनच्या दोन्ही तारांना एकमेकींचा पीळ घालून वेगळ्या पाइपातून न्यायला हव्या. अर्धा दिवस पंप बंद. मॅनेजर म्हणाले, पाणी भरेल, रविवारी बघू. बरं म्हटलं. तोवर अॅम्प्लिफायर काढावा असं मनात आलं. काढला नाही. लोक बघायला येऊन राहिले होते.

१६, शनि.
दुलीचंद गेला. लटकत्या डोलखालचा दगड काढत होता. त्याचा भाऊ गेंदलाल फोनवर ओरडला, "सोडू नको." पंप चालू. शामरावला 'सोड' एवढंच कळलं. भरली डोल दुलीचंदच्या छातीवर.
गेंदलाल वर आला तो सब्बल, दगड फोडायची पहार, घेऊनच. पहिला घाव शामरावच्या खांद्यावर, दुसरा उजव्या पंजावर. मग पंधरा-वीस जणांच्या लाथा. जमिनीवर रक्त, त्यात दात. तो एकच म्हणत होता, "मले सोड ऐकू आलं, बाप्पा."
मी इंजिनघराच्या दाराशी. तोंड उघडलं नाही.

१७
पंप बंद. तारा पिळल्या, पाइपातून नेल्या. खालून बोलून पाहिलं. माणसाचा श्वाससुद्धा ऐकू येतो.

१९
भंडाऱ्याला, दवाखान्यात. शामरावचा हात मनगटापासून कापला. त्याला सगळं सांगितलं. भिंतीकडे बघत म्हणाला, "मले कायले सांगता? गेंदलालले सांगा. घरी आलो की पुरा करतो म्हणते तो मले."

२०
नाकाडोंगरीला गेंदलालच्या घरी. म्हटलं, "खरखर माझ्या मशीनची होती. मले ठाऊक होतं." त्यानं ऐकलं. उठून आतून कडी लावली.

२१
डावा डोळा उघडत नाही. दोन बरगड्या बहुतेक. मारताना गेंदलाल रडत होता. दमला तेव्हा विचारलं, "परवा खाणीच्या इन्स्पेक्टर साहेबाच्या चौकशीत हेच सांगशील?"
हो म्हटलं.

२२
चौकशी अकराला. मॅनेजरचा माणूस कालपासून दोनदा आला, बायकोनं दार उघडलं नाही. आता त्यांची जीपच दाराशी आहे. चौकशीलाच नेणार का, विचारलं. ड्रायव्हर म्हणतो, "तुम्ही बसा तर."
बायको दार धरून उभी आहे. मी पायात चप्पल घालतोय