घरच्यांनीच विणायचे मोर

येवला, ६ ऑक्टोबर २००३

दादा,

तू फोनवर चिडलास, ते समजलं मला. पैठणीचं अंग कामगारांनी विणायचं आणि पदरावरचे मोर फक्त घरच्यांनी, ही आपल्या आप्पांची रीत मी मोडली. आपल्या मागावरच्या सरिताला मोर शिकवले. तिचा पहिला मोर थेट बदकासारखा झाला होता. दोघी पोट धरून हसलो आणि तो उकलून काढला.

परवा तिला दुसऱ्या पैठणीवाल्यांनी जास्त पगारावर बोलावलं. तुझंच खरं झालं म्हणून मला दिवसभर जेवण गेलं नाही. संध्याकाळी ती धाकट्या बहिणीला घेऊन आली.

"ताई, तिथं नुसते मोरच विणत बसावं लागंल. तुम्ही तर पुढं नक्षी काढायला शिकवणार म्हणलात. मग मी कशाला जाऊ? हिलाबी बसवा मागावर."

शिकलेला माणूस निघून जातो, असं आप्पा म्हणायचे. म्हणून त्यांनी कामगारांना पदर शिकवला नाही. मी परक्या घरी जाणार म्हणून मलाही नाही, आणि माझं सासर निघालं दोन गल्ल्या सोडून. मन लावून शिकवलं ते एकट्या तुला. तू सुरतेला गेलास, तेव्हा कुठे त्यांनी मला मागावर बसवलं.

हे लिहिलं आणि पत्र पेटीत टाकायचं नाही, हेही ठरलं. दिवाळीला आलास की तोंडानेच विचारीन. सरिताच्या बहिणीशेजारचा माग रिकामा आहे, बसतोस का?

तुझी,
कुमुद